लाईट गेल्यावर बिल्डिंगमध्ये शिरायचं कसं?

या वेळी दारांवरचे प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. कार्डवाली, कोडवाली, अ‍ॅपवाली दारं आता जिकडेतिकडे झालीत आणि ती बसवून घेताना लाईट गेल्यावर काय, हे बहुतेकांनी विचारलेलंच नसतं. माझं कामच ही दारं बसवायचं आणि दुरुस्त करायचं, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत. पण वाचाच.

प्रश्न: दादा, माझी आई सहाव्या मजल्यावर एकटी राहते, तिला रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. मध्यंतरी रात्री लाईट गेली म्हणून मी धावत गेले तर खालचं मेन दारच उघडेना. कार्ड लावलं, काही नाही. इंटरकॉम बंद, वॉचमन पलीकडच्या विंगमध्ये. शेवटी कोणीतरी बाहेर पडलं तेव्हा मी आत शिरले. मैत्रिणीच्या बिल्डिंगमध्ये लाईट गेली की दार आपोआप मोकळं होतं म्हणे, मग आमचं का नाही? आणि परत असं झालं तर काय करायचं? (एक वाचक, आईची काळजी असलेली मुलगी)

उत्तर: ताई, दाराचं नंतर सांगतो, आधी मशीनचं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लाईटवर चालतो, लाईट गेली की बंद. म्हणून घरात भरलेला सिलिंडर हवाच, तो किती फ्लोवर लावायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद सिलिंडरलाच बांधून ठेवा. शेजारच्या एकाला सिलिंडर लावायला शिकवून ठेवा. तुम्ही दारात अडकलात तरी आईचा श्वास तुमच्यावर अवलंबून राहता कामा नये.

आता दार. तुमच्या आणि मैत्रिणीच्या बिल्डिंगचं कुलूप वेगळ्या जातीचं आहे. तिच्याकडे बहुतेक मॅग्लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाचं कुलूप असणार, चौकटीला वर एक लांबट धातूची पट्टी आणि दारावर एक जाड लोखंडी प्लेट. करंट चालू असेपर्यंत पट्टी प्लेटला धरून ठेवते, करंट गेला की सोडते. या प्रकाराला फेल सेफ म्हणतात. धरायची ताकद चांगलीच असते, नेहमीचे मॅग्लॉक 600 आणि 1200 पौंडांचे येतात, म्हणजे साधारण 270 आणि 540 किलो, पण ती सगळी ताकद करंटची. करंट गेला की दार नुसतं हाताने ढकललं तरी उघडतं.

तुमच्याकडे इलेक्ट्रिक स्ट्राईक असावा. हँडलच्या उंचीला चौकटीत एक छोटी धातूची पापणी असते, दाराची जीभ तिच्यात अडकते, आणि कार्ड लावल्यावर "टक" आवाज येऊन पापणी सैल पडते (जुन्या दारांना घर्रर्र असा आवाज येतो ना, तोही स्ट्राईकच, फक्त एसी करंटवर चालणारा). स्ट्राईक दोन्ही प्रकारांत मिळतो पण बाहेरच्या दाराला बहुतेक जण फेल सिक्युअर लावतात, म्हणजे करंट गेला की बंदच राहणारा. बाहेरून कार्ड चालत नाही पण आतलं हँडल मेकॅनिकल असल्यामुळे आतून दार उघडतं, म्हणूनच बाहेर पडणाऱ्या माणसाला काही अडलं नाही आणि तुम्ही मात्र बाहेर उभ्या राहिलात. दार बिघडलेलं नव्हतं. ज्याने ते निवडलं त्याने बाहेरच्या माणसासाठी दुसरी वाट ठेवली नाही, चूक तिथे आहे.

कार्डाला दोष देऊ नका. त्यात बॅटरी नसतेच, रीडरच्या जवळ नेल्यावर त्याच्याकडूनच त्याला एवढीशी वीज मिळते आणि त्यावर ते आपला नंबर सांगतं. रीडर मेला की कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक, कितीही घासा.

परत अशी वेळ आली तर आधी मान वर करून बघा की फक्त हीच बिल्डिंग अंधारात आहे की आजूबाजूचंही सगळं गेलंय. शेजारी लाईट असेल तर कदाचित नुसता ब्रेकर पडला असेल, वॉचमनने एकदा वर करून बघावा, लगेच परत पडला तर मात्र हात लावू नये, इलेक्ट्रिशियनलाच बोलवायचं. मग रीडरवरचा बारीक दिवा बघा. तो पेटलेला असेल तर दार बॅकअपवर आहे, कार्ड नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरा. दिवाच नसेल तर तिथे वेळ घालवू नका, बिल्डिंगला वळसा घाला. पार्किंगचं दार, मागचं दार, जिन्याचं दार, प्रत्येकाला वेगळं कुलूप असू शकतं आणि पुढचं अडलं तरी मागचं अडेलच असं नाही. वळसा घालता घालता आतल्या कुणाला तरी थेट मोबाईलवर फोन करा. त्यासाठी आईच्या मजल्यावरच्या निदान दोघांचे आणि पहिल्या मजल्यावरच्या एकाचा नंबर तुमच्याकडे असायलाच हवा. पहिल्या मजल्यावरचा मुद्दाम म्हणतोय, कारण अंधारात सहा मजले उतरून दार उघडायला येणं म्हाताऱ्या माणसाला सांगवत नाही.

आणि आईचा फोन लागत नाही, श्वासाची शंका आहे, सिलिंडर लावायला कोणी नाही, अशी परिस्थिती असेल तर वाट बघूच नका, तुमच्याकडचा इमर्जन्सी नंबर फिरवा आणि "आत ऑक्सिजनवरची पेशंट आहे, दार बंद आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. फायर ब्रिगेडकडे दार उघडायची साधनं असतात. तुम्ही काचेच्या दाराला लाथ मारू नका, टफन्ड काच एकदम सगळीच खाली येते. भिंतीवर चढू नका, विशेषतः वर करंटची तार असेल तर अजिबात नाही, कारण बहुतेक अशा कुंपणांच्या मशीनला स्वतःची बॅटरी असते आणि अख्खी बिल्डिंग अंधारात असतानाही तार चालूच राहते. हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून ठळकपणे सांगतोय.

कमिटीकडे मात्र एक गोष्ट लेखी मागा: मेन दाराला बाहेरून उघडणारं साधं किल्लीचं कुलूप, आणि त्याची किल्ली एकापेक्षा जास्त जबाबदार माणसांकडे. फेल सिक्युअर स्ट्राईक ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण बिनविजेची एक वाट बाहेरून हवीच आणि ती कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. काही बिल्डिंगांत किल्ली जाड लोखंडी कोड पेटीत दाराशेजारी ठेवतात, तेही चांगलं, फक्त पेटीचा कोड साध्या बटणांचा किंवा आकड्यांच्या चकत्यांचा असावा, बॅटरीचा नको.

प्रश्न: आमच्याकडे उलटं आहे. लाईट गेली की मेन दार सताड उघडं. चोरीची भीती वाटते. कमिटीत ठराव येतोय की असं कुलूप लावा जे लाईट गेल्यावर दोन्ही बाजूंनी बंद राहील. बरोबर आहे का? (एक कमिटी सदस्य)

उत्तर: नाही. या ठरावाला विरोध करा, आणि जोरात करा. बाहेरून बंद राहणं ठीक आहे, आतून बंद राहणं कधीच ठीक नाही. लाईट जाण्याचं कारण कधीकधी आगच असते, मीटर रूममध्ये शॉर्ट सर्किट झालं, धूर झाला, त्यातच लाईट गेली, अशा वेळी तीस-चाळीस माणसं अंधारात खाली धावत येऊन बंद दारावर आदळली तर काय होईल ते लिहावंसंही वाटत नाही. आत असलेल्या माणसाला किल्ली, कार्ड, कोड यातलं काहीही न लागता बाहेर पडता आलं पाहिजे, बिल्डिंगच्या सुरक्षेचे नियम कुठलेही काढलेत तरी याच गोष्टीवर उभे असतात.

चोरीच्या भीतीवर उपाय आहे. एक तर मॅग्लॉकला नीट बॅटरी बॅकअप द्या, म्हणजे थोड्या वेळासाठी लाईट गेली तर दार धरून राहील. नाहीतर फेल सिक्युअर स्ट्राईक आणि आतून साधं हँडल, म्हणजे बाहेरच्यासाठी बंद, आतल्यासाठी मोकळं.

बॅकअपवाला मॅग्लॉक घेतलात तर आतल्या "एक्झिट" बटणाकडे नीट लक्ष द्या, कारण इथे मी सगळ्यात जास्त गडबड बघतो. बऱ्याच ठिकाणी बटणाची वायर फक्त कंट्रोलरला (दार कधी उघडायचं हे ठरवणाऱ्या पेटीला) जोडलेली असते. लाईट गेली, बॅटरीवर मॅग्लॉक धरून बसलाय, कंट्रोलर हँग झालाय, आता बटण दाबा नाहीतर दाबू नका, काही होत नाही. बटणाने मॅग्लॉकचा करंट थेट तोडला पाहिजे, कंट्रोलर मेला असला तरी. अमेरिकेतल्या बिल्डिंगच्या नियमांत तर अशा बटणाने दार निदान 30 सेकंद मोकळं राहिलं पाहिजे असं स्पष्ट आहे. शिवाय फायर अलार्म वाजला की मॅग्लॉकचा करंट आपोआप तुटला पाहिजे, आणि शेजारी काच फोडायची हिरवी पेटी हवी, ती फोडली की दाराचा करंट तुटतो. बसवणाऱ्याला सांगा, माझ्यासमोर कंट्रोलर बंद कर आणि मग बटण दाबून दाखव. दार उघडलं तरच बिल द्या.

प्रश्न: आमच्या दाराला बॅकअप आहे, बसवताना रात्रभर चालेल असं सांगितलं होतं. परवा तासाभरात बंद पडलं. फसवणूक झाली का? (एक वाचक)

उत्तर: फसवणूकच असेल असं नाही, बॅटरी म्हातारी झालेली असू शकते. हिशोब सोपा आहे. या बॉक्समध्ये सहसा 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड अ‍ॅसिड बॅटरी असते. एक मॅग्लॉक साधारण अर्धा अँपिअर खातो, म्हणजे कागदावर 14 तास. पण त्याच बॅटरीवर रीडर आहे, कंट्रोलर आहे, कोणी हौशीने इंटरकॉमचा स्क्रीनही जोडलेला असतो, आणि बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत लॉक धरत नाही. त्यामुळे नवी असतानाही कागदावरचा आकडा मिळत नाही. त्यात या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत थकतात, बंद पेटीत गरमी असेल तर आधीच. गंमत म्हणजे रोजच्या वापरात याचा काहीच पत्ता लागत नाही, लाईट असते तोवर मेलेल्या बॅटरीवरही दार झकास चालतं.

पेटी उघडायला लावा आणि स्वतः बघा. बॅटरीच्या कुशी फुगल्यात का? टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरलीय का? अंगावर बसवल्याची तारीख लिहिलीय का? बहुतेक वेळा नसते, मार्करने लिहायची सवय लावा. चार्जरपासून सोडवून काही तासांनी मीटर लावला तर चांगल्या भरलेल्या बॅटरीवर 12.7 च्या आसपास दिसतं, 12 च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामीच आहे. पण खरी परीक्षा मीटरची नाही. दुपारी, माणसं घरात असताना, सगळ्यांना आधी सांगून दाराचा मेन सप्लाय बंद करा आणि किती वेळ चालतं ते घड्याळ लावून बघा, शेवटी दार उघडं पडतं की बंद राहतं तेही बघा. हे महिन्यातून एकदा पाच मिनिटं आणि वर्षातून एकदा पूर्ण वेळ करायचं, नोंद वहीत ठेवायची.

प्रश्न: सगळं फोनवर आहे आता. गेटवर कोणी आलं की अ‍ॅपवर कॉल येतो, तिथूनच दार उघडायचं. लाईट गेली तर मोबाईल तर चालेलच ना? (एक वाचक)

उत्तर: थोडा वेळ चालेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅपवरचा कॉल गेटपासून तुमच्यापर्यंत येताना गेटचं पॅनल, बिल्डिंगचा राउटर, इंटरनेटवाल्याची रस्त्यावरची पेटी, कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवरून मोबाईल टॉवर आणि मग तुमचा फोन असा येतो. यातलं एक जरी अंधारात गेलं तरी कॉल नाही. टॉवरला बॅटरी असते पण ती काही तासांची. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमाराला अख्खी वीज गेली तेव्हा बघता बघता कित्येक ठिकाणी फोन आणि इंटरनेटही गेलं, माणसं लिफ्टमध्ये आणि रेल्वेत अडकली. असा दिवस रोज येत नाही, पण साध्या लोडशेडिंगमध्येसुद्धा राउटर पहिल्या सेकंदाला मरतो.

राउटर आणि गेट पॅनलला छोटा यूपीएस लावा, स्वस्तात मोठं काम होतं. कुणाकडे जुनी तांब्याच्या तारेची लँडलाईन असेल तर ती काढू नका, तिला एक्सचेंजमधूनच करंट येतो (वायरलेस हँडसेट मात्र चालणार नाही, साधा वायरवाला डबा हवा, आणि फायबरवरून येणारा फोन याच्यात धरू नका). आणि पॅनलवर ब्लूटूथ किंवा कोडने दार उघडायची सोय असेल तर ती चालू करून ठेवा, त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त पॅनल आणि लॉकला करंट लागतो.

प्रश्न: फ्लॅटच्या दाराला डिजिटल लॉक आहे. लाईट गेली तर घराबाहेर राहणार का? (एक वाचक)

उत्तर: नाही, ते लॉक बहुतेक साध्या सेलवर चालतं, त्याला बिल्डिंगच्या लाईटचं काही देणंघेणं नाही. सेल संपले तर बाहेरच्या बाजूला खाली दोन बारीक ठिपके बघा, तिथे 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरायची आणि धरलेली असतानाच कोड टाकायचा, नव्या मॉडेलला यूएसबी-सीचं भोक असतं, पॉवर बँक लावली की झालं. अल्कलाइन सेलच वापरा, रिचार्जेबल 1.2 व्होल्टचे असतात त्यामुळे लॉक उगाच बॅटरी कमी दाखवत राहतं. आणि किल्लीचं भोक असेल तर ती किल्ली घराच्या आत ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ती बाहेर कुणाकडे तरी हवी.

प्रश्न: गाडी घेऊन आलो आणि सरकतं गेट बंद, मोटर मेलेली. आम्ही चौघांनी ढकललं तरी हललं नाही. (एक वाचक)

उत्तर: हलणारच नाही, आणि ढकलूही नका, गिअर तुटेल. या मोटरींचा गिअर असा असतो की मोटरने गेट सरकतं पण गेटने मोटर फिरत नाही. मोटरच्या पेटीवर एक छोटं झाकण असतं, किल्ली घालून आतला खटका फिरवला की गेट मोटरपासून सुटतं आणि मग एकटा माणूसही सरकवू शकतो. अडचण एवढीच की पेटी गेटच्या आत असते आणि तुम्ही बाहेर. म्हणून पायी जायचं छोटं दार वेगळं आणि किल्लीचं हवं, तिथून एक जण आत गेला की काम झालं. रिलीजची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली हवी, सेक्रेटरीच्या घरी नाही. रस्ता उताराचा असेल तर सुटलेलं गेट आपोआप पळतं, मध्ये कुणालाही उभं राहू देऊ नका. आणि परत मोटर जोडण्याआधी मेन स्विच बंद करा, कारण लाईट आली की गेट अचानक चालू होऊ शकतं.

प्रश्न: अंधारात दारात उभी असताना एक जण म्हणाला मी पण इथलाच, कार्ड चालत नाहीये, आत घ्या. मला कळेना. तुमचं मत? (एक वाचक)

उत्तर: ताई, तुमच्या जागी कुणालाही अवघडल्यासारखं झालं असतं. सरळ विचारा, कुठला फ्लॅट, आणि त्या फ्लॅटमधल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी फोन लावायला सांगा. खरा रहिवासी याचं वाईट मानत नाही. एकट्या असाल आणि पटत नसेल तर स्वतःही आत जाऊ नका, उजेडात किंवा माणसांत थांबा आणि वॉचमनला बोलवा. पण हे ठरवायची जबाबदारी एकट्या रहिवाशावर टाकणं मला मुळातच चूक वाटतं. लाईट गेली की मेन दारावर माणूस उभा, हातात टॉर्च आणि रहिवाशांची छापील यादी, हा नियमच हवा, कारण कॉम्प्युटरमधली यादी त्या वेळी कुणाला दिसणार? त्याच यादीत ज्यांच्याकडे मशीनवरचे पेशंट आहेत त्यांच्यावर खूण हवी (घरच्यांना विचारून), म्हणजे पहिली खबर त्यांची घेतली जाईल आणि पहिल्या प्रश्नातल्या ताईंसारख्या माणसाला दारात थांबावं लागणार नाही. दाराला वीट लावून सगळे निघून गेले, हा प्रकार मात्र बंद करा.

प्रश्न: लाईट आल्यावर दार लॉकच होत नाही, दोन दिवस उघडंच होतं. (एक वाचक)

उत्तर: लाईट आल्यावर कंट्रोलर परत सुरू होतो आणि स्वस्त कंट्रोलरचं घड्याळ कधीकधी चुकतं, मग रात्री दोनला त्याला दुपारचे दोन वाटतात आणि दिवसा दार मोकळं ठेवायचं शेड्यूल लावलेलं असेल तर तो रात्री दार मोकळं ठेवतो. आधी वेळ तपासा. ती बरोबर असेल तर सप्लाय बंद करून मिनिटभराने चालू करा. तरीही नाही झालं तर मॅग्लॉकची प्लेट बघा, अंधारात दार आपटून ती तिरकी झालेली असते किंवा मध्ये कागद, टेप, काहीतरी अडकवलेलं असतं. प्लेट मुद्दाम किंचित हलती बसवतात, मागे रबरी वॉशर असतो, तो कुणी आवळून घट्ट केला असेल तर प्लेट पट्टीला सपाट बसत नाही. एवढं सगळं ठीक असेल तर पॉवर सप्लाय किंवा फ्यूज गेलाय, टेक्निशियनला बोलवा, आणि तो येईपर्यंत दारावर माणूस बसवा. तो आला की त्याच फेरीत बॅटरीही तपासून घ्या.